एक सुपारी जास्त झाली, त्याची गोष्ट

मी सिंधूच्या देव्हाऱ्यातला तांब्याचा कलश बोलतोय. आवाज थोडा घुमतो माझा, ते समजून घ्या. आतून पोकळ असलेल्यांचं असंच असतं. शिवाय पोटात एक पोचा आहे, त्यामुळे काही शब्द तिथे अडकतात. त्या पोच्यात आणखी काय काय अडकतं, हेच तर सांगायला बसलोय.

माझा जन्म पुण्यातल्या तांबट आळीतला. एका शांत माणसाने दोन दिवस मला ठोकून ठोकून घडवलं. अंगभर बारीक मठार, म्हणजे हातोडीच्या टिकल्या, उमटवले. एवढा मार खाऊनही तेव्हा मला कुठे पोचा पडला नव्हता, हे लक्षात ठेवा. मारणाऱ्याच्या मनात राग नसला की मार अंगाला शोभून दिसतो.

सिंधूच्या लग्नात तिच्या वृंदाआत्याने मला रुखवतात ठेवलं. पुढे तिच्या नवऱ्याला, गुरुनाथला, जपानातल्या कंपनीत काम मिळालं आणि मी पोटात गोडा मसाला भरून, नऊवारीत गुंडाळून विमानात बसलो. विमानतळावरच्या अधिकाऱ्याने मला उघडलं, वास घेतला आणि तीनदा शिंकून जाऊ दिलं.

तेव्हापासून आम्ही तिथल्या उरायासू शहरात. पहिली दोन-तीन वर्षं माझी आबाळ झाली, खोटं कशाला बोलू. जागा लहान, देव्हारा कपाटाच्या एका खणात. लेक ओजस्वी माझ्यात रंगीत पेन्सिली ठेवायची. मी काळा पडलो. चिंच महाग म्हणून सिंधू मला घासायची नाही. मग एकदा तिने शेजारणीने दिलेली उमेबोशी, म्हणजे ती खारट-आंबट आलुबुखारासारखी असते ना, ती चाखून बघितली. तोंड वेडंवाकडं केलं आणि उरलेली माझ्या अंगावर चोळली. मी असा लख्ख निघालो की गुरुनाथ म्हणाला, "हा नवीन घेतलास का?"

सिंधू व्रतवैकल्यांची बाई. संकष्टीला चंद्र ढगात असला तर ती हवामानाचं अ‍ॅप उघडून बसते, पण चंद्र दिसल्याशिवाय घास घेत नाही. मार्गशीर्षातले गुरुवार तर तिचे प्राणप्रिय. त्या दिवशी मी नुसता तांब्या राहत नाही. माझ्यात पाणी, दूर्वा, अक्षता, एक सुपारी आणि पाच येनचं भोकाचं नाणं पडतं. आंब्याचे डहाळे इथे कुठले, म्हणून बागेतल्या माळ्याला वाकून विचारून आणलेली त्सुबाकीच्या फुलझाडाची जाड, चकचकीत पानं. वर नारळ. मग साक्षात लक्ष्मी येऊन बसते. हे मी ऐकीव सांगत नाही. वजन मला कळतं.

आता यादवीकडे येतो.

उरायासू, ग्योतोकु, फुनाबोरी अशा तीन ठिकाणच्या मराठी घरांचं मिळून आमचं एक मंडळ आहे. अडतीस घरं. गणपती बसतो कोमिनकानमध्ये, म्हणजे पालिकेच्या सभागृहात. दोन वर्षांपूर्वी वाद निघाला तो विसर्जनाचा. इथे खाडीत मूर्ती सोडता येत नाही. गुरुनाथचं म्हणणं, दरवर्षी शाडूची नवी मूर्ती आणावी आणि बादलीत विसर्जन करावं. गुणवंतचं म्हणणं, एकच धातूची मूर्ती घ्यावी आणि दरवर्षी तिची पूजा करावी. झाले दोन पक्ष, बादलीवाले आणि धातूवाले. मी राहतो बादलीवाल्यांच्या घरी आणि स्वतः आहे धातूचा. माझं मत कुणी विचारलं नाही, ते बरंच झालं.

गुणवंत आणि गुरुनाथ एकाच कंपनीतले, एकाच डब्यातून जेवणारे. गुणवंतची बायको वनिता म्हणजे सिंधूची जीवश्चकंठश्च. पण त्या गणपतीत एकाच सभागृहात दोन गणपती बसले. एक तळमजल्यावर, एक पहिल्या मजल्यावर. एकाच वेळी दोन आरत्या. खालचे कडव्याच्या शेवटी पोचले की वरचे मुद्दाम पुढचं कडवं सुरू करायचे. झांजा दोन्हीकडे. इमारतीतल्या चहाच्या वर्गातल्या आजी हातातला कप तसाच धरून बसून राहिल्या होत्या म्हणे.

कलश मात्र एकच होता. मी. इतकी वर्षं मंडळाच्या गणपतीपुढे मीच असायचो, त्यामुळे दोघांनाही मीच हवा होतो. जिन्यात गुरुनाथने एका बाजूने धरलं, गुणवंतने दुसऱ्या.

"सोड, गुरू. हा मंडळाचा आहे."

"हा माझ्या बायकोच्या रुखवताचा आहे."

दोघांनी ओढलं आणि मग दोघांनी एकदमच सोडलं. अकरा पायऱ्या. मी मोजल्या. खाली पोचलो तेव्हा पोटाला हा पोचा.  मग प्रत्येकाने समोरच्याकडे बोट दाखवलं. त्या दिवसापासून गुणवंत 'गुरू' म्हणायचा थांबला आणि 'गुरुनाथ-सान' म्हणू लागला. ऑफिसात तो आदर असतो. मित्राच्या तोंडून ती थप्पड असते.

सभागृहाने त्यानंतर दोन्ही मंडळांना जागाच दिली नाही. दोन गणपती दोन घरांच्या बाल्कन्यांत आटोपले. मग यंदा डिसेंबरात एक कागद आला. वाचून दाखवला सातो-साननी. सातो-सान म्हणजे ग्योतोकुच्या यामिनीचे यजमान. जपानी गृहस्थ, पण मोदक वळतात ते आपल्यातल्या कितीतरी जणींपेक्षा सुबक. कागदात लिहिलं होतं की एक मंडळ, एक अध्यक्ष, एक फोन नंबर असा अर्ज एकोणीस तारखेच्या शुक्रवारपर्यंत द्या, नाहीतर पुढच्या वर्षीही जागा विसरा.

म्हणून निवडणूक ठरली. उभे राहिले दोघंच, गुरुनाथ आणि गुणवंत. निवडणूक अधिकारी म्हणून सातो-सान, कारण ते कुठल्याच पक्षाचे नव्हते आणि कुठलीही गोष्ट तीनदा मोजल्याशिवाय सोडत नाहीत. कागदावर मतं नकोत, अक्षर ओळखू येतं, असं दोन्ही बाजूंनी म्हटलं. मग सिंधूनेच सुचवलं. घरटी एका पुडीत एक सुपारी आणि एक बदाम द्यायचा. गुरुनाथला सुपारी, गुणवंतला बदाम. मूठ झाकून जे हवं ते कलशात टाकायचं, उरलेलं खिशात घालून घरी न्यायचं. कलश कुठला, यावर दोघांचंही एकमत झालं. दोन वर्षांत पहिल्यांदाच.

आता माझी चूक सांगतो. खरं तर चूक सिंधूची, पण पोट माझं.

मतदान रविवारी होतं. त्याआधीच्या गुरुवारी मी लक्ष्मी होतो. शुक्रवारी सकाळी सिंधूने उत्तरपूजा केली, पाणी बाल्कनीतल्या तुळशीला घातलं. नाणं खणकन बाहेर आलं. सुपारी आली नाही. हळदीकुंकवाच्या चिखलात, अक्षतांसकट, ती माझ्या पोच्यामागे जाऊन चिकटली. त्याच वेळी ओजस्वीची शाळेची टोपी सापडेना. सिंधू टोपी शोधायला धावली. टोपी सापडली आणि सुपारी विसरली.

रविवारी सातो-साननी मला सगळ्यांसमोर उलटं करून दाखवलं. काही पडलं नाही. मी आतून ओरडत होतो. पण कलशाचं ओरडणं घुमल्यासारखं वाटतं, कुणी लक्ष देत नाही.

अडतीस मुठी आत आल्या आणि गेल्या. मला प्रत्येक हात कळतो.  वनिताचा हात आत बराच वेळ रेंगाळला आणि बोटं माझ्या पोच्यावरून फिरली. बाहेर पोरं खिशातले बदाम खात होती. ज्याच्या पोराच्या तोंडात बदाम, त्याने सुपारी टाकली, असे हिशेब मोठ्यांच्या डोळ्यांत चालले होते.

मोजणी झाली. सुपाऱ्या एकोणीस, बदाम एकोणीस. सगळे पुन्हा बोटांवर हिशेब करू लागले. सातो-सान मात्र सातो-सान. आत काही राहिलं नाही ना, म्हणून त्यांनी मला पुन्हा उलटं धरलं आणि बुडावर तीन थापा मारल्या.

टप्प.

वीस सुपाऱ्या.

बादलीवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. गुणवंत हळूच म्हणाला, "घरं अडतीस. मतं एकोणचाळीस. अभिनंदन, गुरुनाथ-सान."

"जादा मत सुपारीचंच कशावरून?" गुरुनाथ म्हणाला. "एखादा बदाम जास्त पडला असेल."

"पुड्या कुणी वाटल्या?" मागून कुणीतरी विचारलं.

सगळ्या माना सातो-सानकडे वळल्या. पुड्या त्यांनी बांधल्या होत्या, तीनदा मोजून. एखाद्या घराला दोन गेल्या असणार, कदाचित मुद्दाम गेल्या असणार, असं कुणी बोललं नाही. पण न बोललेलंही त्यांना मराठीत नीट समजलं. ते उठले आणि कमरेत पूर्ण वाकले. "मोऊशिवाके गोझाइमासेन," म्हणाले. म्हणजे मला सबब सांगायला तोंड नाही. न केलेल्या चुकीची माफी. एकोणचाळीस मतं पिशवीत घालून त्यांनी ती चिकटपट्टीने बंद केली, वर तारीख लिहिली आणि मंडळ सोडत असल्याची चिठ्ठी सोबत ठेवली.

पुढचे चार दिवस मंडळाला दोन अध्यक्ष होते. दोघांनी व्हॉट्सअ‍ॅपवर आपापल्या नावापुढे 'अध्यक्ष' लावलं. गुरुनाथने टायसुद्धा आणला. गुणवंतने 'सत्य मोजावं लागतं' असं स्टेटस ठेवलं. कंपनीतला साहेब दोघांनाही 'अध्यक्ष-सान' म्हणू लागला, कारण त्याला वाटलं पद दोन माणसांचंच असतं. वनिता सिंधूचा फोन उचलेना. आणि यामिनीकडून कळलं की सातो-सान रोज सुपाऱ्या-बदाम पुड्यांत बांधतात, सोडतात, पुन्हा मोजतात. नीट जेवत नाहीत.

गुरुवार उजाडला. मार्गशीर्षातला शेवटचा, उद्यापनाचा. दुसऱ्या दिवशी अर्जाची मुदत संपणार होती. सिंधूने पूजेची डबी उघडली. नाणं होतं, सुपारी नव्हती. चारही गुरुवार एकच सुपारी वापरायची तिची रीत. तिने डबी उपडी केली. मग सावकाश माझ्याकडे बघितलं. हात आत घातला. पोच्यामागे बोटाला हळदीची वाळलेली खपली लागली. एक अक्षत अजून चिकटलेली होती.

"अगं बाई," ती म्हणाली आणि तशीच खाली बसली.

गुरुनाथ टायची गाठ मारत बाहेर आला. तिने सगळं सांगितलं. तो बराच वेळ गाठच मारत राहिला.

"हे बघ सिंधू," तो म्हणाला. "तू या व्रताला काय मागितलं होतंस?"

"मंडळ एक होऊ दे."

"मग? देवीने स्वतः येऊन मत टाकलं. आता आपण कोण नाही म्हणणारे?"

"अहो, मी मंडळ एक कर म्हटलं होतं. तुम्हाला अध्यक्ष कर असं म्हटलं नव्हतं."

"ममा," ओजस्वी दूध पिता पिता म्हणाली, "देवीचं रेजिडन्स कार्ड आहे का? नसेल तर वोट चालत नाही."

गुरुनाथला हसू आलं, पण ते त्याने टायमध्ये लपवलं. "आज जर तू हे सांगितलंस," तो हळू आवाजात म्हणाला, "तर एकोणीस-एकोणीस. उद्या अर्ज जाणार नाही. जागा गेली. गुणवंत म्हणेल, बघा, अध्यक्षाच्या घरातच घोळ. मी कुठे तोंड दाखवू?"

"आणि नाही सांगितलं तर सातो-सान कुठे दाखवतील?"

त्याने गाठीला हात घातला. टाय सोडला आणि ऑफिसला गेला.

त्या दिवशी सिंधूने मला घासलं तसं कधी घासलं नव्हतं. घासताना बोलत होती. माझ्याशी की लक्ष्मीशी, कळलं नाही. "आई, मी नवस मोडत नाहीये. तू दिलंस ते परत करतेय. माझं मागणं तेवढं राहू दे."  मग तिने वनिताला निरोप धाडला. 'आज उद्यापन. संध्याकाळी सहाला हळदीकुंकवाला ये.' एवढंच. फोन टाळता येतो, हळदीकुंकू टाळायला मन धजत नाही. यामिनीलाही बोलावलं, सातो-सानना आणि त्या पिशवीला घेऊन.

संध्याकाळी सहाच्या सुमाराला एक एक जण आलं. ऑफिसातून लवकर आलेला गुरुनाथ कोपऱ्यात बसला होता. वनिता पंधरा मिनिटं उशिरा, हाताला वास येतोय म्हणत आधी बेसिनकडे गेली. "कचऱ्याच्या जाळीचा तोबान आहे या आठवड्यात माझ्याकडे," ती म्हणाली. तोबान म्हणजे पाळी. इथे कचऱ्याच्या ढिगावर कावळ्यांसाठी जाळी घालतात आणि ती घालण्या-काढण्याची पाळी घराघरांतून फिरते. ज्याची पाळी, त्याच्या दारावर लाकडी पाटी.

"गुणवंत भावोजी?" सिंधूने विचारलं.

"खाली सायकलींजवळ उभे आहेत. वर येत नाही म्हणतात."

सिंधू बाल्कनीत गेली. "भावोजी, प्रसाद थंड होतोय," असं तिने अशा आवाजात सांगितलं की खालून जाणाऱ्या दोन जपानी बायकासुद्धा थांबल्या. गुणवंत वर आला.

तिने ताटात पिशवी रिकामी केली. वीस सुपाऱ्या एकेक करून वळवून बघितल्या. अकराव्या सुपारीच्या एका अंगाला हळद होती, कुंकू होतं आणि चिकटलेली एक अक्षत. तिने ती उचलून माझ्यासमोर ठेवली.

"ही माझी," ती म्हणाली. "म्हणजे देवीची. गुरुवारपासून आत अडकली होती. सातो-सान, तुमच्या पुड्या अडतीसच होत्या. तुमचं मोजणं बरोबर होतं. चूक माझी आहे. मी माफी मागते." आणि ती वाकली. सातो-सान त्या दिवशी वाकले होते, तेवढीच.

सातो-साननी चष्मा काढला. "मी," ते सावकाश मराठीत म्हणाले, "बरोबर होतो?"

"होतात," यामिनी म्हणाली. "आता घरी चला आणि नीट जेवा."

"इथेच जेवा," सिंधू म्हणाली. "पुरणपोळी आहे."

गुणवंत सुपारीकडे बघत होता. मग गुरुनाथकडे. "तुला माहीत होतं?"

"सकाळपासून."

"आणि तू वहिनींना बोलू दिलंस?"

"मी कोण तिला बोलू देणारा?" गुरुनाथ म्हणाला. "मी सकाळी नको म्हणत होतो, खरं सांगतो. मग ऑफिसात तुझं ते स्टेटस वाचलं. राग आला. कारण ते बरोबर होतं."

 मग गुणवंत म्हणाला, "म्हणजे एकोणीस-एकोणीस. उद्या मुदत. आता पुन्हा निवडणूक घ्यायला वेळ कुठे आहे?"

वनिताने पोळीचा घास गिळला. "आमच्या बिल्डिंगमध्ये जाळीसाठी कुणी निवडणूक लावत नाही. पाटी फिरते. एका घरी काम झालं की पुढच्या घरी."

"अध्यक्षपद म्हणजे काय कचऱ्याची जाळी आहे?" गुणवंत म्हणाला.

"काम तेच की. कावळे आत येऊ द्यायचे नाहीत."

आधी यामिनी हसली. मग गुरुनाथ. सातो-सानना अर्थ समजावून सांगावा लागला, आणि समजल्यावर ते सगळ्यांत जास्त वेळ हसले. मग डोळे पुसून त्यांनी खिशातून पेन काढलं आणि तिथल्या तिथे तक्ता आखायला घेतला. बारा महिने, बारा घरं, पुढच्या वर्षी पुढची बारा. गणपतीचा महिना कुणाला, यावर वाद पेटणार असं दिसताच सिंधूने त्या चौकोनात सातो-सानचं नाव लिहायला सांगितलं. ते तीनदा नको म्हणाले. इथल्या रीतीप्रमाणे तीनदा नको म्हणजे हो. मंडळ सोडण्याची ती चिठ्ठी यामिनीने फाडली. विसर्जन बादलीत की मूर्ती धातूची, ते पाळीवाल्याने ठरवावं असं ठरलं. त्यावर भांडण होणारच. पण ते आता एकाच छपराखाली होईल.

"आणि पाटी?" वनिताने विचारलं. "पाटीशिवाय तोबान कसला?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा झाली. सिंधूने या वेळी माझ्यात हात घालून, बोट फिरवून सुपारी काढली आणि डबीत ठेवली. अर्जावर पहिल्या महिन्याचं नाव गुणवंतचं गेलं, कारण गुरुनाथनेच ते लिहिलं. टाय त्याने गुणवंतला दिला. तो हिरव्या रंगाचा होता, त्यामुळे मला त्यात त्याग फारसा दिसला नाही.

मग दारात तो क्षण आला. गुरुनाथने मला उचललं. गुणवंतने हात पुढे केले. पुन्हा ते चार हात माझ्यावर, आणि मला त्या अकरा पायऱ्या आठवल्या. पण इथल्या लोकांची एक सवय चांगली आहे. काही द्यायचं तर दोन्ही हातांनी देतात, घ्यायचं तर दोन्ही हातांनी घेतात. समोरच्याने नीट धरलं आहे हे कळेपर्यंत गुरुनाथने मला सोडलं नाही.

"धरलास?"

"धरला. सोड आता, गुरू."

सध्या मी नदीपलीकडे, फुनाबोरीला वनिताकडे आहे. बुटांच्या कपाटावर, दाराजवळ, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेन असा. गुणवंतने परवा विचारलं, पुण्याला जाईन तेव्हा तांबटाकडून हा पोचा काढून आणू का. वनिता म्हणाली, "सिंधूला विचार." सिंधू फोनवर म्हणाली, राहू दे.

मलाही राहू दे असंच वाटतं. मागणं एवढंच आहे. मी फिरत फिरत कधी तुमच्या घरी आलो, तर उमेबोशी नसली तरी चालेल, लिंबू पुरतं. पण कुणावर बोट दाखवायच्या आधी एकदा ते बोट माझ्या आतून फिरवून बघा.

येतो. वनिताची पाळी संपत आली, पुढचं घर ग्योतोकुचं आहे. गाडीत सांभाळून न्या म्हणजे झालं.